व्हाकारीचे सोमसूत्र

रोटोटुना, हॅमिल्टन
बुधवार, १२ डिसेंबर २०१२

स्वतःच्या अंगाला राख फासणाऱ्या आणि भक्ताची मात्र राख होऊ न देणाऱ्या त्या भोळ्या देवाच्या कृपेचे स्मरण करून ही नोंद आरंभितो.

या देशात येऊन मला तीन वर्षे होत आली. एवढ्या काळात लिहिण्याजोगे काही घडले नाही, म्हणून दैनंदिनीही लिहिली नाही. वाईच्या पाठशाळेत ज्याने हयातभर काव्य आणि व्याकरण शिकवले, त्याला येथे कोणी काही विचारलेच तर एवढेच विचारते, की कुरियरवाला येईल तेव्हा तुम्ही घरी असाल ना? मी असतो. मी सदैव घरी असतो.

आज मात्र घडले. सूनबाई अनुराधा ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेत भूशास्त्रज्ञ आहे. पूर्व किनाऱ्यापासून दूर समुद्रात व्हाकारी नावाचे एक बेट आहे. ते अहोरात्र धुमसत असते, आणि त्याचे दुखणेखुपणे पाहणे हे तिचे काम. जेवताना तिने माझ्या मुलाला, सुशीलला, फोनवर एक छायाचित्र दाखवले. "बघ, क्रेटरमध्ये डोम आलाय. लाव्हा वर येऊन तिथेच थिजतोय. आणि वाढतोय."

मी सहज डोकावलो आणि हातातला घास हातातच राहिला. विवराच्या गर्भात, वाफांच्या पडद्याआड, काळाकभिन्न, वर निमुळता होत गेलेला एक पाषाण उभा होता. कोणी घडवला नाही, कोणी स्थापिला नाही. अग्नीतून उठलेला आणि समुद्राने वेढलेला.

"हे स्वयंभू लिंग आहे," मी म्हणालो.

सुशील हसला. "बाबा, तुम्हाला बटाट्यातसुद्धा गणपती दिसतो."

त्या बटाट्याला सोंड होती, आणि ती शेजारच्या दोघांनीही पाहिली होती. तथापि तो विषय वेगळा.

रविवार, १६ डिसेंबर

येथील मराठी मंडळाच्या मासिक सभेत मला दहा मिनिटे दिली होती. मी पाऊण तास बोललो आणि कोणी उठले नाही. आदि नाही, अंत नाही असा अग्नीचा स्तंभ देवांपुढे कसा प्रकटला, एक वर शोध घेत गेला, एक खाली गेला, आणि दोघेही हात हलवत कसे परतले, हे सांगून मी म्हटले, "तोच स्तंभ आज आपल्या दारापासून मोटारीने अडीच तासांवर, पुढे बोटीने दीड तासावर, पुन्हा वर येतो आहे." ओवीने, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या नातीने, ते छायाचित्र घरच्या यंत्रावर मोठे छापून दिले होते. ते हातोहात फिरले. दोघींनी त्याला हळदकुंकू लावले.

ऑकलंडच्या बॉटनी डाउन्सहून रवींद्र मुद्दाम आला होता. संगणकात मोठ्या हुद्द्यावर आहे, उत्साही आहे, आणि सर्व कामे तोच करतो, असे तो स्वतःच सांगतो. त्याने जागेवरच ठरवून टाकले. "काका, महाशिवरात्र दहा मार्चला, रविवारीच येतेय. व्हाकाटानीहून बोटी जातात. डायरेक्ट क्रेटरपर्यंत चालत नेतात. आपण सगळे जाऊ, तिथेच अभिषेक करू. तुम्ही रुद्र म्हणा. हीप्स ऑफ लोक येतील."

घरी परतताना मनाला अहंकाराचा स्पर्श झाला आहे का, हे मी दोनदा तपासून पाहिले. दोन्ही वेळा झालेला आढळला नाही.

बुधवार, ९ जानेवारी २०१३

मंडळाचे दूरध्वनी रोज येतात. लोक प्रश्न विचारतात: बेलाची पाने या देशात मिळतील का, दूध बाटलीचे चालेल का, बोटीत सोवळे कसे पाळावे. मी उत्तरे देतो. सुशील म्हणाला, "बाबा, तुमचं तर कॉल सेंटर झालंय."

अनुराधा आज कामावरून आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती आधी ओवीची चौकशी करते.

"बाबा, ते शिवरात्रीचं खरंच ठरलंय का?"

"ठरले. बोट सांगून ठेवली आहे."

"मग ऐका. डोम म्हणजे बाटलीच्या तोंडाशी बसलेलं बूच. खाली वायू कोंडला की एखाद्या दिवशी बूच उडतं. तिथलं तळं आटत चाललंय, चिखल उडतोय. कधी उडेल ते आम्हाला सांगता येत नाही. उडालं तर विवरात उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही."

"मग सरकारने बंदी का घातली नाही?"

"आम्ही धोका किती आहे ते सांगतो. जायचं की नाही हे जाणाऱ्याने ठरवायचं. मी सांगितलं तर मंडळातले म्हणतील, ही सायंटिस्ट, हिला सगळीकडे रिस्कच दिसते. तुम्ही सांगितलंत तर थांबतील."

मी तिला शांतपणे म्हटले, की भय हे दर्शनाचे प्रवेशद्वारच असते. जो घाबरतो तोच नमस्कार करतो. ती कुकर लावायला उठली. विद्या उत्तम आहे तिची. परंतु विद्येला श्रद्धेचा आधार नसला की ती भयाकडे झुकते. तिच्यासाठी मी रोज एक माळ जपतो.

रविवार, २० जानेवारी

अनुराधा काल बेटावर जाऊन आली. तिच्या कपड्यांना गंधकाचा उग्र वास येतो. सुशील नाक मुरडून म्हणतो, "अगं, ते बाहेरच सोड." मला मात्र तो यज्ञशाळेचा वास वाटतो. हेलिकॉप्टरमधून तिला दर महिन्याला वरून दर्शन घडते. ज्यासाठी इतरांनी जन्म घालवावा, ते हिला पगारावर मिळते, आणि हिला त्याचे काहीच नाही.

तिच्या बोलण्यात आले, की विवरातून एक ओढा निघतो आणि समुद्राला मिळतो. तपासणीसाठी त्याचे पाणी बाटल्यांत भरून आणतात. मी म्हटले, एक लहान बाटली देवघरासाठी आण.

"बाबा, ते ॲसिड आहे. पळीभर घेतलंत तर जीभ जाईल."

तीर्थ जिभेसाठी नसतेच, ते अंतःकरणासाठी असते, असे मी म्हणणार होतो. परंतु घेताना ते जिभेवरूनच जाते, हे ध्यानात आल्याने थांबलो.

रविवार, २७ जानेवारी

रवींद्रने ठरवले आहे, की बोटीतून उतरल्यावर पुढे लहान मुले कलश घेऊन चालतील आणि सर्वांत पुढे ओवी. "आचार्यांची नात, काका. फोटोला पण छान." ओवी हरखून गेली. तिने लगेच आईला विचारले, "मम, कॅन आय वेअर माय जँडल्स? ऑर डू आय नीड प्रॉपर शूज?" जँडल्स म्हणजे येथील रबरी चपला.

अनुराधा कणीक मळत होती. तिचे हात तसेच परातीत राहिले. हात न धुताच ती मागच्या दाराने बाहेर गेली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी पाठमोरी उभी राहिली. दोरीवर एकही कपडा नव्हता.

मी ओवीला म्हटले, "आईला आनंद झाला आहे."

ओवी माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट हर हॅपी फेस." या मुलांना मराठी कळते, मनुष्यस्वभाव कळायला मात्र वेळ लागतो.

रात्रीच्या जेवणाला सुशील म्हणाला, "ओवीला मी पाठवणार नाही, बाबा." मी म्हटले, "सगळ्यांची मुले जातील आणि आचार्यांची नात घरी राहील, हे बरे दिसेल का?" तो म्हणाला, "मग सगळ्यांचीच मुलं घरी ठेवा ना." बोलण्याला काही एक मर्यादा असते. मी ताटावरून उठलो.

रविवार, ३ फेब्रुवारी

आज ईश्वराने माझ्या बुद्धीत जो प्रकाश पाडला, तो यथाक्रम लिहून ठेवतो.

घरात आठवडाभर अबोला होता. आज अनुराधा आपण होऊन माझ्याजवळ गवार निवडायला बसली. इकडचे तिकडचे बोलता बोलता म्हणाली, "बाबा, लहानपणी आजी आम्हाला महादेवाच्या देवळात अर्धीच प्रदक्षिणा घालायला लावायची. पलीकडे जाऊ द्यायची नाही. ते का हो?"

सुनेने शास्त्राविषयी आपण होऊन प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी तिला विस्ताराने सांगितले. अभिषेकाचे जल लिंगावरून ज्या वाटेने बाहेर वाहते, तिला सोमसूत्र म्हणतात. ते ओलांडणे निषिद्ध. म्हणून भक्ताने तेथपर्यंत जावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे.

"म्हणजे कितीही मोठा माणूस असला तरी?"

"कोणीही असो."

"अच्छा," ती म्हणाली, आणि गवार निवडत राहिली. मग सहज आठवल्यासारखे तिने कामाच्या पिशवीतून बेटाचा एक नकाशा काढून मेजावर पसरला. "मी आज ऑफिसचं काम घरी आणलंय, तुम्हाला अडचण नाही ना? हे बघा, इथे बोट लागते. इथून ही पायवाट. आणि हा निळा, विवरातून निघणारा ओढा." एवढे सांगून ती फोडणी टाकायला गेली.

मी चष्मा पुसला. पायवाट त्या निळ्या रेघेला एकदा नव्हे, अनेकदा छेदून जात होती. जे विवरातून निघते, लिंगाला स्पर्शून येते आणि समुद्राकडे जाते, ते दुसरे काय असणार? सोमसूत्रच. आणि आम्ही सगळे, पुढे लेकरे घालून, ते ओलांडायला निघालो होतो.

मी स्वयंपाकघरात जाऊन अनुराधाला म्हटले, "तुला कल्पना नाही, पण आज फार मोठा अपराध टळला आहे."

"काय झालं, बाबा?" तिने विचारले. मी सांगितले. ती ओट्याकडे तोंड करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तुमच्याच लक्षात येऊ शकतं." तिचे डोळे पाण्याने भरले होते. कांदा चिरत होती.

रविवार, १० फेब्रुवारी

सभेत जाहीर केले: बेटावर उतरणे नाही. महाशिवरात्रीला सर्वांनी किनाऱ्यावर जमावे, क्षितिजावरील त्या वाफेकडे तोंड करून तेथेच अभिषेक करावा. शास्त्र कळल्यावर बहुतेकांनी माना डोलावल्या. निशिगंधाबाई, ज्यांनी सात दिवसांच्या उपासाचा संकल्प केला होता, त्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले. बोट लागते म्हणून त्यांना बोट नकोच होती.

रवींद्रचा चेहरा मात्र उतरला. "काका, दोन महिने मी लोकांच्या मागे लागलोय. आता सांगू काय?"

"शास्त्र सांग."

"शास्त्र डिसेंबरमध्ये नव्हतं का?"

या मुलाची जीभ तिखट आहे. त्याचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले.

रविवार, १७ फेब्रुवारी

रवींद्रने दूरध्वनी केला. स्वरात विजय होता. "काका, मी नेटवर वाचलं. सोमसूत्रावर गवत, काडी, पान किंवा दगड ठेवला की ओलांडता येतं. असं खरंच लिहिलंय ना?"

लिहिले आहे. मला ते ठाऊक होते. गेल्या रविवारी सभेत बोलतानाही ठाऊक होते, आणि का कोण जाणे, तेवढे सांगायचे राहून गेले.

दारातून मला अनुराधा दिसत होती. ती ओवीची वेणी घालत होती आणि तिची बोटे थांबली होती. दूरध्वनीचा आवाज मी नेहमी मोठाच ठेवतो.

"लिहिले आहे," मी म्हणालो. "परंतु ती मुभा सेवेकऱ्याला आहे, यात्रेकरूला नाही. जो रोज देवाची सेवा करतो, ज्याला कामासाठी ये-जा करावीच लागते, त्याने गवत ठेवून ओलांडावे. जो केवळ पाहायला आला, त्याने मागे फिरावे."

"हे कुठे लिहिलंय?"

"रवींद्र, तू मला विचारतो आहेस."

तो म्हणाला, "ओके काका. स्वीट ॲज." हा येथील होकार असतो, असे मला सांगण्यात आले आहे. यात गोड काय असते ते कळत नाही.

दूरध्वनी ठेवला आणि ग्रंथांच्या कपाटाकडे गेलो. हे वचन कोठले? जवळचे सर्व ग्रंथ दुपारभर चाळले. जे पाठ आहे तेही मनात उलटसुलट म्हणून पाहिले. कोठेही सापडले नाही. आजवर शास्त्राच्या मुखात मी स्वतःचे वाक्य कधी घातले नव्हते. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. मग मी ते का बोललो? कदाचित बालपणी गुरुजींच्या तोंडून ऐकले असेल आणि वेळेवर स्फुरले असेल. तसेच असावे. तसेच आहे असे मी धरून चालतो.

अनुराधाने न मागता चहाचा दुसरा कप आणून दिला. "चांगला नियम आहे, बाबा," एवढेच म्हणाली. तिच्या ठायी श्रद्धेला अंकुर फुटू लागला आहे.

रविवार, १० मार्च, महाशिवरात्र

ओहोपीच्या किनाऱ्यावर सारे जमलो. समुद्र आरशासारखा शांत, आकाश निरभ्र. दूर क्षितिजावर बेट आणि त्यावर वाफेचा एक पांढरा झुपका, शेंडीएवढा. रुद्र म्हटला. ओवीने वाळूच्या लिंगावर कलशातले दूध घातले आणि एक समुद्रपक्षी येऊन बेलपत्र घेऊन गेला.

काहीही झाले नाही. दुपारी आम्ही जवळच्या बंदराच्या गावात मोटारी लावून डबे उघडले, तेव्हा बेटावरून एक बोट परतली. माणसे हसत उतरली. त्यांच्या गळ्यात विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे लोंबत होते. एका गृहस्थांनी आमच्या टिळ्यांकडे पाहून "किया ओरा", म्हणजे येथला नमस्कार, म्हटले आणि न विचारताच सांगितले, की अनुभव अद्भुत होता, सगळ्यांनी जायलाच हवे.

रवींद्र माझ्या शेजारी येऊन बसला. "काका, यांनी तर गवतसुद्धा ठेवलं नसेल."

आसपासचे चारपाच जण हसले. मी दहीपोह्यांचा घास घेतला. उपासाच्या दिवशी दहीपोहे खातो आहोत, हे तो गिळल्यावर लक्षात आले. यावरून माझ्या मनाची अवस्था कळावी. मोठ्या अनर्थातून वाचलेल्या माणसाला लोक मान देतात. न झालेल्या अनर्थातून ज्याने वाचवले, त्याला कोणी विचारत नाही. त्या क्षणी मला एकदा, अगदी ओझरते, असेही वाटले, की त्या बेटाने निदान थोडेसे खाकरावे. तो विचार मी तत्काळ मागे घेतला आणि मनोमन क्षमा मागितली.

तेवढ्यात ओवी म्हणाली, "बट आजोबा, मम क्रॉसेस इट ऑल द टाइम."

"काय ओलांडते?"

"द स्ट्रीम. शी वॉक्स राइट अप टू द डोम. शी हॅज टू."

मी अनुराधाकडे पाहिले. ती डब्याचे झाकण लावत होती. ते लागत नव्हते.

"तू वरून पाहतेस ना? हेलिकॉप्टरमधून?"

"हेलिकॉप्टर उतरतं, बाबा. मग आम्ही चालत जातो. वायू मोजायचा, पाणी घ्यायचं. आम्ही मोजलं नाही तर बाकीच्यांना धोका किती ते कोण सांगणार?" ती पुन्हा झाकणाशी झटू लागली. "डोमच्या अगदी जवळ नाही जात. शक्यतो."

ज्या बुचाविषयी तिने मला जानेवारीत सांगितले होते, त्याच्या तोंडाशी ही दर महिन्याला उभी राहत होती. आणि मी त्याच पाषाणाचे छायाचित्र देवघरात मांडून, तो दिवसेंदिवस वाढो, म्हणून रोज त्याला फूल वाहत होतो.

बुधवार, १३ मार्च

पहाटे अनुराधा बेटावर जायला निघाली. गेल्या दोन दिवसांत मी तिला जाऊ नकोस असे म्हणालो नाही. म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? छायाचित्र देवघरातून काढून भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे. त्याला अक्षता वाहताना पुनरागमनाचे शब्द जाणूनबुजून गाळले.

ती बूट बांधत होती, तेव्हा मी मागच्या अंगणात गेलो. किकुयू नावाचे एक गवत येथे माजलेले आहे. सुशील आल्यापासून ते उपटतो आणि ते संपत नाही. शास्त्रात गवताची जात सांगितलेली नाही. मी एक जुडी उपटली, मुळांची माती झटकली आणि दारात येऊन तिच्या हातात दिली.

"ओढ्यावर ठेव. मग ओलांड."

तिने जुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बाबा, मुभा सेवेकऱ्यालाच आहे ना?"

"म्हणूनच दिली."

"तिथलं पाणी गवत खाऊन टाकेल."

"तू ओलांडेपर्यंत राहिले की पुरे."

तिने ती जुडी छातीवरच्या खिशात घातली. मी दुसरी जुडी पुढे केली. ती मी पाठीमागे लपवून धरली होती, का ते मला सांगता येणार नाही.

"ही कशाला?"

"परत येतानाची."

अनुराधा नमस्काराला वाकली. एरवी ती सणासुदीलाच वाकते. दुसरी जुडी तिने आतल्या खिशात ठेवली, त्याची चेन ओढली, ती नीट लागली आहे ना हे हाताने चाचपून पाहिले, आणि गाडीकडे गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही मी ओट्यावर उभा होतो. सुशील म्हणाला, "बाबा, आत या, थंडी आहे." थंडी नव्हती. तोही आत गेला नाही.

आज कुरियरवाला दोनदा आला. दोन्ही वेळा मी गाडीचा आवाज समजून धावलो.

संध्याकाळी सहाला ती आली. गंधकाचा वास अंगणातूनच आला. ती बूट काढत असताना मी फक्त पाहिले: आतल्या खिशाची चेन उघडी होती, आणि दोन्ही खिसे रिकामे होते.

ही पाने पुढे कोणाच्या हाती पडतील हे मला ठाऊक नाही. जो वाचील, तो ज्या देवाला मानत असेल त्याची, आणि मानत नसेल तर त्याच्या स्वतःच्या विवेकाची, त्याच्यावर कृपा राहो. त्याच्या घरातून पहाटे कामाला गेलेले माणूस दिवे लागायच्या आत उंबऱ्यात परत येवो. इति शुभम्.